पूल ओलांडायचा नाही

रहाटणी, १६ जून २०२५

अजिंक्यभाऊजी,

फाडायचंच असेल तर आधी वाचा आणि मग फाडा. माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलात, तुमच्या दादांचा केलात, आणि शाळेतल्या शिपाईमामांच्या फोनवरून लावला तर ‘राँग नंबर’ म्हणालात. दिराचा आवाज न ओळखायला मी काय काल लग्न होऊन आले? म्हणून हा कागद. ज्योतीराम तुमच्याच कंपनीत, तुमच्याच शिफ्टला, आणि राहतो आपल्या मागच्या आळीत, एवढी सोय देवाने ठेवली आहे. त्याला बजावलंय की पत्र हातात द्यायचं, टेबलावर ठेवून पळायचं नाही.

तीन वर्षं झाली तुम्हाला चाकणला जाऊन. इकडे सगळं ठीक. तुमच्या दादांचं सिमेंटचं दुकान आणि गुडघा, दोन्ही चालू आहेत. आबा दोन वेळा जेवतात आणि तीन वेळा चिडतात. आई बऱ्या आहेत.

आता मुद्द्याचं. परवा मी माझ्याच कामाला पुलापलीकडच्या हॉस्पिटलात गेले होते. तिथे मंजुषा डॉक्टर भेटल्या. तुम्ही ॲडमिट होतात तेव्हा रोज सकाळी यायच्या, त्याच. त्यांनी तुम्हाला नावानिशी विचारलं. एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत ना, म्हणाल्या. मी म्हटलं, जो माणूस शिफ्ट चुकवत नाही तो गोळी कशाला चुकवेल. मग त्यांनी विचारलं, लस घेतली का? कसली लस, तर नागिणीची.

नागिणीला लस असते हे मला, नागिणीच्याच घरात दिलेल्या बाईला, त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण जात नाहीत, अंगातच दडून बसतात. अंगाची ताकद घटली की नागीण होऊन वर येतात. तुमच्या आजारात हा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो, आणि गोळ्या नेमाने घेणाऱ्यालाही तो थोडाफार उरतोच. एकदा होऊन गेली म्हणजे सुटलो असंही नाही. ती पुन्हा येऊ शकते आणि कुठेही येऊ शकते. ‘कुठेही’ म्हणताना त्यांनी आपल्या उजव्या डोळ्याकडे बोट नेलं. मला तेवढं पुरे झालं.

भाऊजी, तुमचा एकच डोळा उरला आहे. दुसरं काही लिहायची खरं तर गरज नाही.

या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तुम्हाला चालते. दोन डोस आहेत. तुमच्या गोळ्या सरकारी केंद्रावर फुकट मिळतात तशी ही मिळत नाही, पण ती काळजी माझी. तुम्ही फक्त दंड घेऊन यायचं. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, एखादा गुरुवार कळवा.

तुमची वहिनी,
तनुजा


रहाटणी, ७ जुलै

भाऊजी,

ज्योतीराम सांगत होता, तुम्ही पत्र लॉकरपाशी उभ्याने वाचलंत, घडी करून खिशात घातलंत आणि मशीनवर गेलात. उत्तर काही नाही. असो, फाडलं नाहीत हेही थोडं नाही. जाताना गॉगल चढवलात, असंही म्हणाला. अख्ख्या लाइनवर सगळ्यात आधी गॉगल तुमचा असतो म्हणे. मला आधी हसू आलं, मग ते गेलं.

तुम्ही घर सोडलंत त्याबद्दल आपण कधी बोललोच नाही. तुम्ही ओसरीवर उभे होतात, मी स्वयंपाकघराच्या दारात. मला तिथून जे दिसलं ते लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त करा, तेवढ्यासाठी तरी उत्तर द्या.

लग्न होऊन आले तेव्हा मला सांगितलं होतं, या घराला नागिणीचा हात आहे. मी दापोडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, मला वाटलं कुणी साप धरणारे असतील. मग रविवारी आणि बुधवारी ओसरीवर माणसं दिसायला लागली. कुणाच्या पाठीवर, कुणाच्या कमरेला फोडांचा पट्टा उठलेला, अंगाची आग आग. आई सहाणेवर गेरू उगाळायच्या आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना काडीने रेघ ओढायच्या, म्हणजे नागिणीचं तोंड शेपटीला मिळू नये. मिळालं की माणूस जातो असा समज. पैसा नाही, नारळ नाही, फक्त एक नियम कडक. तिसऱ्या खेपेचा गेरू होईपर्यंत वाहतं पाणी ओलांडायचं नाही. आपल्याकडे वाहतं पाणी म्हणजे पवना आणि ती ओलांडायची म्हणजे काळेवाडीचा पूल. मोठं हॉस्पिटल पुलापलीकडे. आता कमरेची नागीण गेरू लावला काय आणि नुसतं पंख्याखाली बसलं काय, बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत उतरतेच. म्हणून हाताला यश होतं.

तुमची कपाळावर उठली. भुवईवरून पापणीत उतरली. मी दुसऱ्याच दिवशी रिक्षा दारात आणली होती. आबांनी रिक्षावाल्याला चहा पाजला आणि परत पाठवला. तिसरा गेरू होईपर्यंत पूल ओलांडायचा नाही, परक्याच्या पोराला जो नियम तोच आपल्या पोराला, असं त्यांचं म्हणणं. तिसरा गेरू झाला तेव्हा डोळा उघडत नव्हता.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एवढ्या तरण्या माणसाला इतकी जहाल नागीण का, म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला विचारून रक्त तपासलं. ते दुखणं तुम्हाला कुठून आलं हे मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. आबांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांना एवढं कळलं की आता दोन गोष्टी झाकायच्या आहेत आणि एकच खोटं दोन्हींना पुरतं. गावात सांगितलं, कंपनीत लोखंडाचा कीस उडाला, पोरानं गॉगल घातला नव्हता.

डोळा गेला त्याचं तुम्ही सोसलंत, पण हे नाही सोसलंत. बारा वर्षं ग्राइंडिंगवर काढलेला माणूस, तुम्हाला ते लागणारच. “आबा, मी एक दिवस गॉगलबिगर मशीनवर उभा राहिलो न्हाई,” असं तुम्ही म्हणालात. त्यावर आबा म्हणाले, “मग काय सांगू लोकांला? छबूबाईच्याच लेकाचा डोळा नागिणीनं खाल्ला म्हनून?” आणि मग ते म्हणाले की आता पुन्हा पूल ओलांडून हिकडं येऊ नको. रागात म्हणाले, पण म्हणाले. आई मोरीपाशी सहाण धूत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आबांच्या बोलण्याने तुम्ही गेलात असं सगळे समजतात. मला वाटतं, आईंच्या न बोलण्याने गेलात.

एवढं सगळं आठवून दिलं म्हणजे तुमचा राग वाढेल हे कळतं मला. वाढू दे. राग डोळ्याला अपाय करत नाही. लसीचं काय ते कळवा.

तनुजावहिनी


रहाटणी, ३१ जुलै

भाऊजी,

तीन वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. होतं तसंच आहे, कोंबडीचे पाय. कंपनीच्या चिठ्ठीमागे दोन शब्द, ‘आता का?’

विचारलंत ते बरं झालं. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. आई बऱ्या नाहीत. हॉस्पिटलात मी माझ्या कामाला गेले नव्हते, आईंना तपासायला नेलं होतं. त्यांचं हृदय थकलं आहे. पायांवर सूज आहे, दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही. औषधावर जितकं चालेल तितकं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

आणि मंजुषा डॉक्टरांनी आपणहून तुमची चौकशी केली नाही. आईंनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. तीन वर्षांपूर्वी पाहिलेला चेहरा त्यांनी बरोबर ओळखला आणि त्यांचा पांढरा कोट धरून ठेवला. “बाई, माझ्या ल्योकाचा एक डोळा गेला. दुसरा राखाया तुमच्यात काय हाय का?” असं विचारलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नागिणी बांधणारी बाई हे विचारते आहे, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत उभी राहिले.

तुम्हाला इकडचं काहीच माहीत नाही, म्हणून सांगते. तुम्ही गेल्यावर आईंनी सहाण माळ्यावर टाकली होती. पण माणसं यायची थांबेनात. परत पाठवली तर ती दुसऱ्या कुणाकडे जायची आणि तिथेही पूल ओलांडू नका म्हणूनच सांगायचे. तेव्हा आईंनी सहाण खाली काढली आणि नियमच उलटा केला. आता कुणी ओसरीवर आलं की पहिला प्रश्न, पूल ओलांडून आलास का? हॉस्पिटलच्या गोळ्या दाखवल्याशिवाय गेरू उगाळत नाहीत. रिकाम्या पोटी गेरू धरत नाही, आधी गोळी पोटात गेली पाहिजे, असं ठणकावून सांगतात. आणि लोक मुकाट ऐकतात! हेच मी शंभर वेळा सांगितलं असतं तर मास्तरीणबाईंचं व्याख्यान म्हणून हसले असते. आबांना हे मुळीच पसंत नाही. घराचा हात घालवला म्हणून दोन वर्षं ते आईंशी धड बोलत नव्हते.

हा हात धाकट्या मुलाकडे जायचा असतो, म्हणजे तुमच्याकडे. मी एकदा आईंना विचारलं, पुढे काय? म्हणाल्या, माझ्यापाशीच संपू दे.

तर ‘आता का’चं उत्तर हे, की त्यांच्याजवळ आता फार वेळ नाही. तुमचा डोळा तुमचा आहे, सुई घ्यायची की नाही हे तुम्हीच ठरवायचं. आईची दया आली म्हणून येऊ नका, तसं आलेलं त्यांनाही नको आहे. डॉक्टर सांगतात ते पटलं तर या. ११ सप्टेंबरच्या गुरुवारची वेळ घेतली आहे, सकाळी अकराची. हॉस्पिटल नदीच्या त्या अंगाला आहे, चाकणहून येताना पवनेचा पूल लागत नाही. तेव्हा तुमचा मान जागच्या जागी राहील.

वहिनी


रहाटणी, १२ सप्टेंबर

भाऊजी,

तुम्ही आलात.

माझ्याशी एकूण चार वाक्यं बोललात, त्यातली दोन पार्किंगची होती. चालेल. वाळला आहात. त्या खोलीवर काय शिजवता देव जाणे. सिस्टरांनी दंडाला सुई दिली तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात आणि मी तुमच्याकडे. लहान असताना कांजिण्यांत मी तुम्हाला आवरून धरलं असतं तर असेच बसला असतात, असं उगाच वाटलं. तेव्हा मी या घरात नव्हते, पण वाटलं.

रात्री ताप आला आणि दंड उचलवेना, असं ज्योतीराम म्हणाला. ही सुई जरा कडकच आहे, दोन दिवस असं होतं. घाबरू नका आणि दुसऱ्या डोसला टाळाटाळ करू नका.

आता एक कबूल करायचं आहे. गेटबाहेर झाडाखाली एक रिक्षा उभी होती. तुम्ही तिच्या अगदी मागून गाडी काढलीत. त्या रिक्षात आई होत्या.

मी त्यांना नको म्हटलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. वर मला धमकी, की अजिंक्यला हाक मारलीस तर उतरून चालत घरी जाईन. हृदय ते तसलं आणि धमकी ही असली. म्हणून मी गप्प बसले. तुम्ही हेल्मेट घातलंत, रस्त्यावर यायच्या आधी डावीकडचं बघायला पूर्ण मान वळवलीत, मग गेलात. पूल ओलांडून घराजवळ आल्यावर आई एवढंच म्हणाल्या, “मान वळवून बघतंय.”

कालपासून दहा वेळा विचारून झालं, दुसरी सुई कधी. तेरा नोव्हेंबर, गुरुवारच आहे. खरं तर डॉक्टर म्हणाल्या की दोन महिन्यांनी घ्या, पण सहा महिन्यांपर्यंत कधीही घेतली तरी चालते. आईंना मी फक्त तारीख सांगितली. त्या तारखेला धरून बसल्या आहेत, आणि धरून बसायला काहीतरी असलं की माणूस टिकतो असं मला वाटतं. तुम्हीही त्यांना काही कळू देऊ नका. कळू द्यायला तुम्ही बोलता कुठे म्हणा.

वहिनी


रहाटणी, १३ नोव्हेंबर, पहाट

भाऊजी,

आई गेल्या. काल दिवेलागणीला.

काल बुधवार होता. ओसरीवर एक माणूस आला होता, मानेवर नागीण घेऊन. आईंनी पडल्या पडल्याच विचारलं, पूल ओलांडून आलास का? त्याने गोळ्यांचं पाकीट दाखवलं. आईंनी मला सहाण आणायला सांगितली. मी घेऊन येते तोवर संपलं होतं. तुमचे दादा दुकानातून धावत आले, डॉक्टर आले, पण करण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही निरोप धाडला होता ना, की दुसऱ्या सुईच्या वेळी आईला रिक्षात बसवू नका, आत घेऊन या. त्या दिवसापासून आईंनी हिरवं लुगडं काढून ठेवलं होतं. काल सकाळीच मला म्हणाल्या, उद्या वेणी जरा घट्ट घाल. मला लिहवत नाही, पण लिहायला हवं.

महिन्याभरापूर्वी त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं होतं. शब्द जसेच्या तसे देते. “सुई व्हायच्या आदी मी गेले तर त्याला कळवू नगंस. यील, आबाशी भांडंल, आन सुई राहून जाईल. मातीला मानसं मिळत्यात. डोळा येकच हाय.” मी हो म्हटलं होतं.

ते हो मी मोडते आहे. तुमच्याबद्दल तुम्हाला न विचारता या घराने एकदा ठरवलं, तेव्हा काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्यांदा ठरवायला मी तयार नाही, मग सांगणारी मरणारी बाई का असेना. रात्रभर मला त्यांची भीती वाटत होती, की उठतील आणि विचारतील. उठल्या नाहीत.

दुपारी एकला नेणार आहेत, नदीच्या घाटावर. आपल्यात आईला अग्नी धाकट्याने द्यायचा असतो, हे तुम्हाला माहीत आहे. डोस आज चुकला तरी काही बिघडत नाही, पुढच्या गुरुवारी घेता येईल, पुढच्या महिन्यातही घेता येईल. या असं मी म्हणत नाही आणि येऊ नका असंही म्हणत नाही. आबांशी मी काही बोललेले नाही. ते आईंच्या उशाशी बसले आहेत आणि कुणी चहा आणला की हाताने बाजूला सारत आहेत.

ज्योतीरामला आज सुट्टी आहे. तो गाडीवरून हे पत्र घेऊन तुमच्या खोलीवर येतो आहे. एकटे गाडी चालवू नका, त्याच्या मागे बसा.

तनुजा


रहाटणी, १५ नोव्हेंबर

भाऊजी,

दोन वाजेपर्यंत थांबलो. भटजींनी घड्याळाकडे बघायला सुरुवात केली, मग तुमच्या दादांनी अग्नी दिला. देताना ते मागे वळून पुलाकडे बघत होते. काय बघतायत हे मला तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी ज्योतीराम आला आणि त्याने सगळं सांगितलं. तुम्ही पत्र वाचलंत, आंघोळ केलीत आणि म्हणालात, आधी हॉस्पिटल. अकराला सुई घेतलीत. मग त्याला पुलापर्यंत न्यायला सांगितलंत आणि पलीकडेच, पिंपरीच्या बाजूला पुलाच्या तोंडाशी उतरलात. तिथून घाटाचा धूर दिसतो. त्याने दोनदा चल म्हटलं. तुम्ही म्हणालात, “आईनं सांगितलेलं केलं. आता आबांनी सांगितलेलंबी करतो.” आणि धूर विरेपर्यंत तिथेच उभे राहिलात.

इतकं जिव्हारी लागणारं बोलायला कुठे शिकलात? मी हे ऐकलं आणि मोरीत जाऊन रडले. आईंसाठी दिवसभर रडू आलं नव्हतं, ते सगळं तेव्हा आलं. मग तुमचा फार राग आला. मग आबांचा. आईंचाही आला, पण त्यांच्यावर रागावून उपयोग काय.

आज सकाळी राख सावडायला गेलो. आईंच्या मावसबहीण दुर्गाबाई होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, धाकट्याला कंपनीने सोडलं नसेल, एका डोळ्याने बिचारा किती काम करत असेल, त्या दिवशी चष्मा घातला असता तर ही वेळ आली नसती. वाईट मनाने नव्हत्या म्हणाल्या, गावाला जे ठाऊक आहे तेच म्हणाल्या. आबा राखेचं गाठोडं घेऊन उभे होते. ते म्हणाले, “कंपनीत न्हाई गेला त्याचा डोळा. गॉगल घालूनच काम करायचा त्यो. नागिणीनं गेला. आमी पूल ओलांडू दिला न्हाई.”

घाटावर तीस-चाळीस माणसं होती. त्यांतल्या कित्येकांच्या पाठीवर आईंचा गेरू लागलेला होता. रक्ताबद्दल आबा बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. ते तुमचं आहे, तुम्हाला वाटेल तेव्हा वाटेल त्याला सांगा किंवा सांगू नका.

घरी आल्यावर मी आबांना बसवलं आणि पुलावरचं सगळं सांगितलं, तुमचं ते वाक्यसुद्धा. न गाळता सांगितलं. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी विचारलं, कुठल्या दंडाला टोचली? मी म्हटलं, डाव्या. मग म्हणाले, ह्या सुईनं ताप येतो म्हणत होती ती. मी म्हटलं, येतो. मग म्हणाले, पाणी द्यायला कोण आहे तिथं? मी म्हटलं, कोणी नाही.

हा ताप दोन दिवसांत उतरतो, तुमचा आतापर्यंत उतरलाही असेल. ते मी त्यांना सांगितलं नाही.

हे पत्र ज्योतीरामच्या हाती देत नाही, आबांच्या खिशात घालते आहे. तुमचे दादा गाडी काढतायत. आबांनी धोतर बदललं, आईंच्या सामानातून गेरूचा खडा काढला आणि खिशात टाकला. मी विचारलं, हे कशाला, तर म्हणाले, वाटेत पुलावरनं नदीत टाकायचा. तुमच्या दारात पोहोचतील तेव्हा त्यांना बोलायला जमणार नाही, तुम्ही ओळखता त्यांना. हा कागद पुढे करतील, तेवढंच. दार उघडायचं की नाही हे मी सांगणार नाही. पण जिना चढताना त्यांना दम लागतो, एवढं लिहून ठेवते.

निघताना दुर्गाबाईंनी अडवलं. म्हणाल्या, सुतक आहे, तेरावं होईपर्यंत कुणाच्या दारी जाऊ नये. आबा चपला पायांत सरकवत म्हणाले, “कुनाच्या दारी कुटं चाललोय? त्यालाबी सुतक हायच की.”

तनुजा